पत्त्यांचा ठावठिकाणा : जुना टॅरो नेमका कधी छापला?

दिवाळीत भाचीने माझ्यासमोर एक पिवळा खोका ठेवला. तिच्या आत्याने फार वर्षांपूर्वी परदेशातून आणलेला टॅरोचा, म्हणजे भविष्य बघायला वापरतात त्या चित्रांच्या पत्त्यांचा कॅट, कपाट आवरताना सापडलेला. खोक्यावर हात उंचावलेल्या जादूगाराचं चित्र, आत ७८ पत्ते आणि एक पातळ पांढरी पुस्तिका. "मामा, हा १९७१ चा आहे. पत्त्यावरच छापलंय, बघ," ती म्हणाली. तिने वाचलं ते बरोबर होतं, पण त्यावरून काढलेला अर्थ बरोबर नव्हता.

या घोळात फार जण सापडतात. जुन्या वस्तू विकणारेही सापडतात आणि विकत घेणारेही. पत्त्याच्या कडेला उभ्या बारीक अक्षरांत हक्काचं (कॉपीराइटचं) चिन्ह, १९७१ हे साल आणि यू. एस. गेम्स सिस्टिम्स या अमेरिकी कंपनीचं नाव असतं. ते साल हक्काचं आहे. त्यानंतर तोच कॅट कितीदाही छापला तरी कडेचं साल बदलत नाही. मराठी पुस्तकात सुरुवातीच्या पानावर 'पहिली आवृत्ती' आणि त्याखाली 'पुनर्मुद्रण' अशा दोन ओळी असतात. पत्त्यावर दुसऱ्या ओळीला जागाच नसते. त्यामुळे १९७१ चा अर्थ एवढाच घ्यायचा की हा कॅट १९७१ च्या आधीचा नाही. त्यानंतरचा तो किती, हे दुसरीकडे शोधावं लागतं.

हे आजकालचंच आहे असंही नाही. फ्रान्समधल्या मार्सेय शहरात निकोला कॉन्व्हेर या नावाने निघालेला टॅरो प्रसिद्ध आहे. त्यातल्या नाण्यांच्या दुर्रीवर त्याचं नाव आणि १७६० हे साल आहे. लाकडी ठशात एकदा कोरलेलं साल ठशाबरोबर पुढे चालत राहिलं. त्याचा धंदा पुढे कामोआँ घराण्याकडे गेला, शतक उलटलं, तरी १७६० काही हललं नाही. एकोणिसाव्या शतकातला कॅट हातात धरून '१७६० चा' म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो. तो ठशाचं साल सांगत असतो, कागदाचं नव्हे.

म्हणून पहिला नियम असा : कॅटमधली सगळ्यात जुनी खूण बघून वय ठरवू नये. सगळ्यात नवी खूण शोधावी. कॅट तिच्यापेक्षा जुना असूच शकत नाही.

आता हा नियम एका खऱ्या कॅटवर लावू. मी त्यासाठी रायडर-वेट नावाने ओळखला जाणाराच कॅट घेतो, कारण आज भारतात कोणाच्याही घरी टॅरो असेल तर बहुतेक वेळा तो हाच किंवा याच्याच चित्रांवरून केलेला असतो.

हा कॅट लंडनमध्ये डिसेंबर १९०९ मध्ये विल्यम रायडर अँड सन या प्रकाशनाने काढला. कल्पना गूढविद्येचे अभ्यासक आर्थर एडवर्ड वेट यांची. चित्रं पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीची. ती तेव्हा एकतीस वर्षांची होती. टॅरोचे २२ मोठे पत्ते चित्रांचेच असतात, पण उरलेल्या ५६ पैकी राजा-राणी वगैरेंचे १६ सोडले तर ४० पत्त्यांवर तोवर साधारणपणे नुसत्या खुणा असायच्या. पाच पेले, सात तलवारी, असं. पामेलाने त्या ४० मध्येही माणसं, घरं, समुद्र, बर्फ आणला. आज टॅरो म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते तिचं काम. तिला त्याचे पैसे फार थोडे मिळाले. नोव्हेंबर १९०९ मध्ये आल्फ्रेड स्टीग्लिट्झ या छायाचित्रकाराला लिहिलेल्या पत्रात तिने स्वतःच म्हटलंय की मोठं काम संपवलं, पण अगदी थोड्या पैशांत. कॅटच्या नावात प्रकाशक आला, वेट आले, ती आली नाही. तिची खूण राहिली ती प्रत्येक पत्त्याच्या खालच्या कोपऱ्यात, तिच्या नावाच्या आद्याक्षरांची वेल गुंफावी तशी गुंफलेली सही. १९५१ मध्ये कॉर्नवॉलमधल्या ब्यूड गावी ती गेली.

आणि तिची मूळ चित्रं आज उपलब्ध नाहीत.

छपाया ओळखण्याचा सगळा खटाटोप मला या एका गोष्टीमुळे महत्त्वाचा वाटतो. मूळ चित्र कुठल्या संग्रहालयात टांगलेलं असतं तर कुठली छपाई कधीची हा फक्त किमतीचा प्रश्न राहिला असता. इथे तसं नाही. इथे पामेलाचा हात आपल्यापर्यंत पोचतो तो छापील पत्त्यांतूनच, आणि प्रत्येक नव्या छपाईत मध्ये आणखी एक माणूस, आणखी एक यंत्र येतं. कोणता कॅट कधीचा हे शोधणं म्हणजे आपण तिच्या रेषेपासून किती अंतरावर उभे आहोत ते मोजणं.

सुरुवातीच्या छपाया शिळाछापाच्या. हे तंत्र मराठी वाचकाला परकं नाही. राजा रविवर्म्याची लक्ष्मी किंवा सरस्वती ज्या घरात आजोबांच्या काळापासून लटकते आहे, त्या घरात शिळाछापाचा नमुना आहेच. रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना सुरू केला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्याही आधी, १८७८ मध्ये, पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने चित्रशाळा सुरू झाली होती. लंडनमध्ये पामेलाचे पत्ते छापले गेले ते याच पद्धतीने.

पद्धत अशी. चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर तेलकट शाईने चित्र काढायचं. शिळा ओली करायची. पाणी कोऱ्या भागावर बसतं, तेलकट रेषेवर बसत नाही. मग तेलकट छपाईची शाई फिरवली की ती फक्त रेषेला धरते. वर कागद दाबला की चित्र उमटतं. प्रत्येक रंगाला वेगळी शिळा लागते, म्हणजे तोच कागद एकामागून एक शिळांवरून जातो. कागद जरासा सरकला तर लाल रंग रेषेबाहेर डोकावतो. आता यातला कळीचा मुद्दा : चित्रकार कागदावर चित्र देतो, पण शिळेवर ते उतरवतो छापखान्यातला कारागीर. त्याचं नाव कुठेही नसतं. त्याने चेहऱ्याची रेघ थोडी जाड काढली, की पुढचे हजारो पत्ते तशाच चेहऱ्याचे.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, सोनार किंवा घड्याळजी डोळ्याला लावतो तसलं. घरात रविवर्म्याची जुनी तसबीर असली तर आधी ती बघा. गालावरची सावली म्हणजे बारीक ठिपक्यांची दाटी दिसेल. ठिपके लहानमोठे, कुठे दाट, कुठे विरळ, आणि काळी रेघ सलग. मग आजचं कुठलंही मासिक भिंगाखाली धरा. तिथे ठिपके शिस्तीत उभे असतात. निळा, किरमिजी, पिवळा, काळा या चार शायांच्या जाळ्या एकमेकींवर थोड्या तिरक्या बसवलेल्या असतात, त्यामुळे जागोजागी छोटी फुलं उमलल्यासारखी दिसतात. ही चौरंगी ऑफसेट छपाई. काळी रेघसुद्धा कधी कधी या जाळीत तुटते, तिच्या कडा करवतीसारख्या होतात. तशी तुटकी रेघ दिसली तर समजावं की कोणीतरी आधीच्या छापील पत्त्याचा फोटो काढून त्यावरून पुन्हा छापलंय.

ही एक पाहणी सगळ्यात आधी करावी. '१९१० चा' म्हणून दाखवलेल्या कॅटमध्ये चाररंगी फुलं उमललेली दिसली तर पुढे बघायची गरज नाही. माझ्या अनुभवात दहातले बहुतेक दावे इथेच मिटतात.

आता जुन्या लंडन छपायांकडे. पहिली छपाई १९०९ च्या नाताळच्या सुमारास आली. तिच्या पत्त्यांच्या पाठीवर गुलाब आणि लिली यांची नक्षी आहे. ही छपाई फार थोडी झाली आणि लगेच पुढच्या वर्षी पाठ बदलली. तळं आटल्यावर चिखलाला भेगा पडतात तशी तडकलेली नक्षी आली. त्यामुळे गुलाब-लिलीचा अस्सल कॅट आज संग्राहकांच्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट आहे. आणि म्हणूनच त्या पाठीच्या नव्या नकलाही निघाल्या आहेत. पाठ बघून हुरळून जाऊ नये, भिंग लावावं.

तडकलेल्या पाठीच्या कॅटमध्ये चार घराणी मानतात. पामेलाच्या नावावरून त्यांना पॅम-ए, पॅम-बी, पॅम-सी, पॅम-डी म्हणतात. घराणी पडली ती रेषेवरून. शिळा झिजल्या, पुन्हा चित्रं उतरवावी लागली, आणि उतरवणाऱ्याचा हात प्रत्येक वेळी वेगळा पडला. पॅम-ए पहिल्या छपाईच्या सगळ्यात जवळचं. बाकीच्यांत कुठे डोळ्याची ठेवण बदलली, कुठे वस्त्राच्या चुण्या कमी झाल्या, कुठे रेघ जाड झाली. इंग्रजी अक्षरांचा क्रम हा छपाईचा क्रम नव्हे, हे मात्र नीट लक्षात ठेवा. ती ओळखीपुरती नावं आहेत. बी हे सी च्या आधी छापलं, असं अक्षरांवरून म्हणता येत नाही.

घराणं ओळखायला सगळ्यात प्रसिद्ध खूण सूर्याच्या पत्त्यावर आहे. वर XIX हा रोमन आकडा आहे. पॅम-ए मध्ये त्या आकड्याच्या उजव्या बाजूला एक नागमोडी काळी रेघ दिसते. सूर्याच्या किरणांशी तिचा काही संबंध जुळत नाही, ती मध्येच लटकल्यासारखी आहे. बाकीच्या घराण्यांत ती नाही. ही रेघ का आली यावर बरेच तर्क होतात. मला ती एका अनाम कारागिराच्या हाताचा पुरावा म्हणून प्रिय आहे.

पण इथेच एक फसवी जागा आहे. तीच रेघ १९७१ नंतरच्या पिवळ्या खोक्यातल्या कॅटमध्येही दिसते! तिथे ती आली कारण नव्या छपाईला आधार धरलेली चित्रं त्या रेघेच्या घराण्यातली होती. तेव्हा 'सूर्यावर रेघ आहे, म्हणजे १९१० चा' हे म्हणणं नातवाच्या गालावर आजोबांसारखा तीळ बघून त्याचं वय ऐंशी ठरवण्यासारखं होईल. रेघ कुळ सांगते, जन्मसाल सांगत नाही. जन्मसालासाठी कागद आणि शाई विचारावी.

मग ते कुळ कामाचं कधी? पर्याय कमी करताना. भिंगाखाली शिळाछाप दिसला, पाठ तडकलेली आहे, कडेला हक्काची ओळ नाही, आणि सूर्यावर रेघ आहे. एवढं सगळं एकत्र आलं तर पॅम-ए म्हणता येतं. एकेकटी खूण दुबळी असते. चार खुणा एकाच दिशेला बोट दाखवू लागल्या की भरवसा धरावा.

पामेलाची सही बघायलाही विसरू नका. चांगल्या छपाईत वेलीची वळणं सुटी दिसतात. नकलेवरून नक्कल होत गेली की ती भरत जातात आणि शेवटी कोपऱ्यात एक काळा गोळा उरतो. मोठ्या पत्त्यांची नावंही तशीच. जुन्या छपायांत 'द फूल', 'द मून' ही अक्षरं हाताने काढलेली आहेत. एकाच पत्त्यावरची दोन सारखी अक्षरं शेजारी धरली तर थोडी वेगळी भरतात. पिवळ्या खोक्याच्या कॅटमध्ये त्या जागी छापखान्याचा टाइप बसला. तिच्या अक्षराऐवजी टाइप बसवला हे मला आजही खटकतं.

लंडनचा जुना कॅट समोर येण्याची शक्यता तशी कमीच. आपल्याकडे येतात ते बहुतेक १९७० नंतरचे. त्यांच्याकडे वळू.

यू. एस. गेम्स ही कंपनी स्टुअर्ट कॅप्लन यांनी १९६८ मध्ये सुरू केली आणि रायडर कॅटचे हक्क मिळवून १९७१ पासून तो छापवून घ्यायला लागली. तेव्हापासून जो पिवळा खोका निघाला, तो पाठीवरच्या निळ्या चौकड्यांसकट इतकी दशकं चालला की त्यातल्या त्यात जुना कुठला, हे सांगणं अवघड झालं. इथे चित्रं फारशी मदत करत नाहीत. खोका मदत करतो, आणि त्यातही खोक्यावरचा कंटाळवाणा मजकूर, जो कोणी वाचत नाही.

आधी पत्ता. म्हणजे घराचा पत्ता. या कंपनीचा पत्ता सुरुवातीच्या काळात न्यूयॉर्कमधला, ३८ ईस्ट ३२ वा रस्ता. पुढे न्यूयॉर्कमध्येच ४६८ पार्क अ‍ॅव्हेन्यू साउथ. त्यानंतर कनेक्टिकट राज्यातलं स्टॅमफर्ड, १७९ लडलो रस्ता. खोक्यावर किंवा पुस्तिकेवर यातला कुठला आहे ते बघितलं की कॅट लवकरचा की नंतरचा हे लगेच कळतं. रविवर्म्याच्या तसबिरींचंही तेच आहे. खाली मुंबई आहे की कार्ला-लोणावळा, यावरून काळ ठरतो. छापखाना हलला की कागदावरची ओळ हलते.

पत्त्यातले आकडेही बोलतात. अमेरिकेत पाच आकडी झिप कोड १९६३ मध्ये सुरू झाले. लंडनच्या टपाल विभागांना पुढचे आकडे १९१७ मध्ये लागले, म्हणजे ई.सी. या लंडनच्या टपाल विभागाच्या अक्षरांपुढे ४ असा आकडा असेल तर तो कागद १९१७ च्या आधीचा नव्हे. आपल्याकडे पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला. जुन्या मराठी कॅलेंडरांचं आणि देवांच्या चित्रांचं वय काढताना मी हीच युक्ती वापरतो.

मग देशाचं नाव. पिवळ्या खोक्याचा कॅट आधी स्वित्झर्लंडमध्ये ए.जी. म्युलर या छापखान्यात छापला जायचा. पुढे बेल्जियम आलं, इटली आली, चीन आला. चीन दिसला तर कॅट अलीकडचा. दुसऱ्या एखाद्या टॅरोवर पश्चिम जर्मनी असं असेल तर तो १९४९ ते १९९० या काळातला, कारण त्या नावाचा देश त्याआधीही नव्हता आणि त्यानंतरही नाही.

बारकोडचं बघा. दुकानात बारकोड वाचून पहिली विक्री झाली ती २६ जून १९७४ ला, अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी, आणि विकलं गेलं ते च्युइंगमचं पाकीट. तेव्हा खोक्यावर बारकोड असेल तर कॅट १९७४ च्या आधीचा असणं जवळपास अशक्य. पण उलटं खरं नाही. बारकोड नाही म्हणून कॅट जुना, असं म्हणता येत नाही, कारण सगळ्यांनी तो एकाच दिवशी लावला नाही. असलेली खूण पुरावा असते, नसलेली खूण फक्त इशारा. पुस्तकांना मिळणाऱ्या आयएसबीएन क्रमांकाचंही असंच. २००७ पासून तो दहाऐवजी तेरा आकडी झाला. ९७८ ने सुरू होणारा तेरा आकडी आयएसबीएन छापलेला खोका फार जुना नसतो.

पांढरी पुस्तिकाही चाळावी. शेवटच्या पानांवर कंपनीच्या इतर कॅटची यादी असते. या चित्रांना नव्याने रंग दिलेला युनिव्हर्सल वेट १९९० चा. तो यादीत असेल तर ती पुस्तिका १९९० च्या आधीची नाही. पत्त्यांवर १९७१ असलं तरीही.

कागदाची परीक्षा सगळ्यात सोपी आहे आणि तिला पैसेही लागत नाहीत फारसे. दुकानदार नोटा तपासायला जांभळ्या प्रकाशाची छोटी बॅटरी ठेवतो ना, तीच आणा. अंधाऱ्या खोलीत पत्त्याच्या पांढऱ्या भागावर तो अतिनील प्रकाश टाका. साधारण १९५० नंतरच्या कागदात पांढरेपणा वाढवणारी रसायनं घालू लागले, ती या प्रकाशात निळसर-पांढरी लखलखतात, धुतलेला शर्ट चमकतो तशी. त्याआधीचा कागद मंद, फिकट पिवळा राहतो. लखलखला तर तो कॅट १९०९ चा नव्हे, १९२० चा नव्हे, वाद संपला. न चमकला तर मात्र लगेच आनंदू नका, कारण ही रसायनं नसलेला कागद आजही मिळतो.

आणि पिवळेपणावर तर अजिबात विसंबू नका. मुंबईच्या आणि कोकणाच्या दमट हवेत वीस वर्षांचा कागदसुद्धा ऐंशी वर्षांचा दिसायला लागतो. लंडनमधल्या कोरड्या कपाटातला शंभर वर्षांचा पत्ता त्याच्यापेक्षा गोरा निघेल. मुद्दाम जुना केलेला कागदही असतो, चहाच्या पाण्यात बुडवलेला. तो ओळखू येतो. खरा कागद कडांपासून आत पिवळा पडत जातो आणि गड्डीच्या मधले पत्ते वरच्या-खालच्यांपेक्षा उजळ राहतात. चहाचा रंग सगळ्यांवर सारखा बसतो.

एका जुन्या वस्तूंच्या दुकानातून मी असा एक कॅट घेतला होता. त्यात चहा नव्हता, घोळ वेगळाच होता. खोका खरा जुना, पुस्तिकाही जुनी, पण पत्ते नंतरच्या छपाईचे. घरी आल्यावर पाठी मोजल्या तर तीन पत्त्यांच्या पाठीचा निळा रंग बाकीच्यांपेक्षा गडद निघाला. म्हणजे पत्त्यांमध्येही दोन कॅट मिसळलेले. तेव्हापासून मी सगळ्या ७८ पाठी टेबलावर उलट्या मांडूनच बघतो. खोका, पुस्तिका, पत्ते यांची वयं वेगवेगळी काढायची आणि मग ती जुळतात का हे बघायचं. जुळली नाहीत तर 'कॅट अमुक सालचा' असं म्हणायचं नाही. 'खोका असा, पत्ते असे' असं म्हणायचं. हल्ली ऑनलाइन मिळणारे छोटे, हलके कॅट तर पुस्तिकेऐवजी क्यूआर कोडचा कागद घालून येतात. तो दिसला तर वयाचा प्रश्नच उरत नाही.

इथवर ऐकून कोणालाही वाटेल की जुनी छपाई नेहमीच चांगली. तसं नाही. थॉथ नावाच्या कॅटचं उदाहरण याच्या बरोबर उलटं आहे. इंग्रज गूढवादी अ‍ॅलिस्टर क्राउली यांच्या सांगण्यावरून लेडी फ्रीडा हॅरिस यांनी त्याची चित्रं १९३८ ते १९४३ या काळात रंगवली. कॅट छापून आला १९६९ मध्ये. क्राउली १९४७ मध्येच गेले होते. फ्रीडा हॅरिस उतारवयात भारतात आल्या आणि १९६२ मध्ये श्रीनगरला वारल्या. म्हणजे छापलेला कॅट दोघांनीही पाहिला नाही. त्या पहिल्या छपाईचे रंग अगदीच निस्तेज होते. पण मूळ चित्रं सुरक्षित राहिली, आज ती लंडनच्या वॉरबर्ग इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. त्यामुळे पुढे त्यांचे नव्याने फोटो काढून स्वित्झर्लंडमध्ये चांगली छपाई करता आली. संग्राहक १९६९ च्या कॅटला जास्त पैसे मोजेल, पण हॅरिसबाईंचा रंग बघायचा असेल तर नंतरचाच घ्यावा. त्या स्विस छपाईच्या काही कॅटमध्ये जादूगाराचे एकाऐवजी तीन पत्ते असतात, एकूण ८० भरतात. मोजताना दोन जास्त आले म्हणून घाबरायचं कारण नाही.

पामेलाच्या बाबतीत ही सोय नाही. मूळ चित्रंच नाहीत, त्यामुळे नव्याने फोटो काढायचा तो जुन्या छापील पत्त्याचाच. म्हणून तिच्या चित्रांसाठी पॅम-ए आणि त्याआधीची गुलाब-लिली, हाच सगळ्यात जवळचा मुक्काम.

भाचीच्या खोक्याकडे परत येतो. भिंगाखाली चाररंगी जाळी दिसली, म्हणजे ऑफसेट. बॅटरीखाली कागद लखलखला. पाठी निळ्या चौकड्यांच्या, सगळ्या ७८ एकाच छटेच्या. सूर्यावर नागमोडी रेघ आहे. ती बघून भाची थोडी खूश झाली, मी तिला तीळ आणि आजोबांचं सांगितलं. खोक्यावर छपाई स्वित्झर्लंडची, पत्ता न्यूयॉर्कचा, ३२ व्या रस्त्याचा. बारकोड नाही. पुस्तिकेच्या यादीत युनिव्हर्सल वेट नाही. खोका, पुस्तिका, पत्ते एकमेकांशी जुळले. मी तिला कागदावर लिहून दिलं : १९७१ च्या आधीचा नाही, बहुधा १९९० च्या आधीचा, आणि पत्ता बघता त्यातल्या पहिल्या अर्ध्यातला असण्याची शक्यता जास्त. आत्याला फोन करून तो कुठल्या वर्षी घेतला ते विचार, म्हणजे वरची मर्यादा आणखी खाली येईल.

"म्हणजे नक्की साल नाहीच सांगता येत?" तिने विचारलं. नाही, म्हटलं, आणि जो नक्की साल सांगेल त्याच्याकडून घेऊ नकोस.

फोन लागेपर्यंत तिने भिंग उचललं आणि पत्ते एकेक करून पालथे घालत कोपऱ्यातली ती वेलीसारखी सही शोधायला लागली. तलवारींच्या तिर्रीवर ती बराच वेळ थांबली.